उसाचे इथेनॉल, मराठवाड्याचे पाणी आणि शाश्वततेचा हिशेब

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील एका कृषी पदवीधर शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे : जवळच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीची (इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचे अल्कोहोल, तयार करणाऱ्या विभागाची) क्षमता वाढणार आहे, उसाची लागण वाढवा असे शेतकी विभागाचे कर्मचारी घरोघरी येऊन सांगत आहेत, आणि दुसरीकडे विकसनशील देशांतले जैवइंधन शाश्वत नसते असे वाचायला मिळते. यातले खरे काय धरायचे, आणि आपण ऊस वाढवावा की नाही? साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत आणि पुढे ऊसविकासाच्या कामात माझी बहुतेक नोकरी गेली असल्याने या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देणे मला बरोबर वाटत नाही.

जैवइंधन शाश्वत आहे की नाही, हे इंधनाच्या नावावरून ठरत नाही. टाकीत साठवलेले इथेनॉल सगळीकडे सारखेच असते. ते मळीपासून केले असेल तर हिशेब एक येतो, आणि टंचाईच्या पट्ट्यातल्या उसाच्या थेट रसापासून केले असेल तर अगदी वेगळा येतो. आपल्या देशात तेल कंपन्या इथेनॉलला जो दर देतात तो कच्च्या मालाच्या प्रकारावरून ठरतो. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात सी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ५७.९७ रुपये, बी-हेवीला ६०.७३ (मळीचे हे प्रकार पुढे सांगतो), उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ६५.६१ आणि मक्यापासूनच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये दर होता. या दरपत्रकात पाण्याला रकानाच नाही. कोल्हापूरच्या उसाच्या रसापासून केलेल्या लिटरला जो भाव, तोच लातूरच्या उसाच्या लिटरला. माझ्या मते आपल्या इथेनॉल धोरणातला सर्वांत मोठा दोष हाच आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

आधी कारखान्यात काय घडते ते पाहू, कारण बहुतेक लेखांत हा भाग गाळलेला असतो. उसाचा रस आटवून सिरप होते, पॅनमध्ये त्यात साखरेचा दाणा धरतो, आणि सेंट्रिफ्यूगलवर दाणा वेगळा केल्यावर जो दाट द्रव उरतो त्यातून पुन्हा साखर काढली जाते. हे तीन टप्प्यांत होते. तिसऱ्या टप्प्यानंतर उरते ती सी-हेवी मळी. तिच्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही. एक टन उसामागे ही मळी साधारण ४५ किलो मिळते आणि तिच्यापासून १० ते ११ लिटर इथेनॉल होते. दुसऱ्या टप्प्यावरच थांबले तर बी-हेवी मळी मिळते, तिचे इथेनॉल टनामागे १८ ते २० लिटर येते, पण तेवढ्यासाठी सुमारे १५ किलो साखर सोडावी लागते. साखर अजिबात न करता सगळा रस किंवा सिरप आंबवले, तर टनाला ७० लिटरच्या आसपास इथेनॉल मिळते.

पहिल्या प्रकारात ऊस साखरेसाठी लावला जातो आणि इथेनॉल हा मागे उरलेल्या मालाचा उपयोग असतो. साखर लागणारच असेल, तर या इथेनॉलसाठी वेगळी जमीन किंवा वेगळे पाणी लागत नाही. शिवाय कारखान्याची वाफ आणि वीज बगॅसवर चालते, म्हणजे उसाचा चोथाच जळण होतो. उसाच्या इथेनॉलचा ऊर्जेचा ताळेबंद धान्याच्या इथेनॉलपेक्षा कितीतरी सरस येतो तो यामुळेच. म्हणून मळीपासूनच्या इथेनॉलला मी निःशंकपणे शाश्वत म्हणतो, सांडपाण्याची नीट व्यवस्था असेल एवढ्या अटीवर. बी-हेवीही, देशात साखर जास्त झाली असेल तेव्हा, शहाणपणाची आहे. गोदामात पडून राहणाऱ्या साखरेत भांडवल अडकवण्यापेक्षा तिचे इंधन करणे केव्हाही चांगले. साखर विकून पैसा हाती यायला महिनोन्‌महिने जातात, तर इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून साधारण तीन आठवड्यांत येतात, आणि त्यामुळे थकलेली एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर, चुकती होते, हे मी स्वतः पाहिले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फायदा छोटा नाही.

तिसऱ्या प्रकारात मात्र ऊस मुळात इंधनासाठीच लावलेला असतो, आणि त्याचे सारे पाणी इंधनाच्या खात्यावर मांडावे लागते. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यातच हा आकडा आहे : एक किलो साखरेएवढा ऊस पिकवायला १,६०० ते २,००० लिटर पाणी, त्यावरून एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर. हा आकडा उलटा मांडून पाहा. टनाला ७० लिटर धरले तर एक टन उसामागे दोन लाख लिटर पाणी होते. हेक्टरी १०० टन उत्पादन धरले तर दोन कोटी लिटर, म्हणजे त्या हेक्टरवर दोन मीटर उंचीचे पाणी. आपल्या लातूर-धाराशिव भागात वर्षाचा पाऊस सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, आणि तोही सगळा पिकाच्या मुळाशी राहत नाही. उरलेले पाणी धरणातून, विहिरीतून आणि दरवर्षी खोल जाणाऱ्या बोअरमधून काढावे लागते. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, त्यामुळे वाचलेल्या एका लिटर पेट्रोलमागचे पाणी याहूनही जास्त भरते.

महाराष्ट्रात ऊस एकूण पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांच्या आसपास आहे, पण सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा सुमारे ७० टक्के असल्याचे कृषी मूल्य आयोगाच्या अहवालात नोंदवलेले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ते आपण सगळ्यांनी पाहिले. त्या टंचाईचे एकमेव कारण ऊस नव्हता. लागोपाठ पाऊस कमी झाला होता आणि शहराचे पाणीनियोजनही कमकुवत होते. परंतु मांजरा खोऱ्यात उसाने आधीच उपसलेले पाणी त्या हिशेबातून वगळता येत नाही.

यावर हमखास दिले जाणारे उत्तर म्हणजे ठिबक. ठिबकचा मी पक्का पुरस्कर्ता आहे. पाटपाण्याच्या तुलनेत एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक पाणी वाचते आणि उत्पादनही वाढते. राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला होता, पण शिवारात फिरले तर पाटाने दिलेला ऊस आजही सर्रास दिसतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ज्या शेतकऱ्याकडे विहिरीवर दोन एकर ऊस भिजतो, त्याने ठिबक केले की वाचलेल्या पाण्यावर तो तिसरा एकर ऊस लावतो. त्याला दोष देता येणार नाही, कारण हमी भाव आणि हमखास खरेदी ज्या पिकाला आहे तेच तो वाढवणार. पण मग विहिरीतला उपसा तेवढाच राहतो, आणि पाणी वाचल्याचे फक्त कागदावर दिसते. उसाचे एकूण क्षेत्र बांधून घेतल्याशिवाय ठिबकने खोऱ्यातले पाणी वाचत नाही.

इंधनाचा कार्यक्रम पावसाला बांधला की काय होते, हे २०२३ मध्ये दिसले. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. साखर कमी पडेल या धास्तीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली; आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेपुरती मुभा दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी बंधने उठवली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून रसावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्या उभारल्या होत्या, त्यांचे हप्ते या काळात थांबलेले नव्हते. तांदळाचेही तसेच झाले : अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणे जुलै २०२३ मध्ये थांबले आणि नंतर पुन्हा सुरू झाले. अन्न आणि इंधन यांत ओढाताण झाली की सरकार अन्नाच्या बाजूने उभे राहणार, आणि राहिलेच पाहिजे. त्यामुळे दुष्काळी वर्षात जे इंधन बंदच करावे लागते, त्याच्या भरवशावर गावाने आपली पीकरचना बदलू नये.

ब्राझीलने हा धडा आपल्या कितीतरी आधी घेतला. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये त्यांनी प्रोआल्कोल कार्यक्रम सुरू केला, केवळ अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आणल्या, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी साखरेला जास्त भाव मिळू लागताच कारखाने साखरेकडे वळले. पंपांवर इंधन मिळेना आणि लोकांचा त्या गाड्यांवरचा विश्वास उडाला. तो परत यायला २००३ साल उजाडावे लागले, जेव्हा पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्या आणि त्या दिवशी कोणते इंधन भरायचे हे ग्राहक भाव पाहून ठरवू लागला. आपल्याकडे ब्राझीलचे उदाहरण फार सहजपणे दिले जाते. पण साओ पाउलो आणि आसपासचा त्यांचा बहुतांश ऊस पावसावर येतो, तो ओलित करावा लागत नाही, हे सांगायचे राहून जाते. ब्राझीलचे निष्कर्ष कोल्हापूरला काही अंशी लागू पडतील, सोलापूर आणि मराठवाड्याला नाही.

उसाला एवढे पाणी लागते तर धान्यापासून इथेनॉल करावे, असा दुसरा मार्ग सुचवला जातो, आणि देश त्या मार्गावर बराच पुढे गेलाही आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले, आणि आता पुरवठ्यातला मोठा वाटा धान्याचा, त्यातही मक्याचा आहे. मक्याला पाणी कमी लागते, टनाला ३८० लिटरच्या आसपास इथेनॉल मिळते, आणि मका उत्पादकाला दर बरा मिळू लागला, हे चांगले झाले. पण आपला जिल्हा सोयाबीनचा आहे, म्हणून एक गोष्ट बारकाईने पाहा. मक्यातला स्टार्च आंबवून गेल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो वाळवून डीडीजीएस या नावाने पशुखाद्य आणि कोंबडीखाद्य म्हणून विकला जातो. तो सोयाबीन पेंडेपेक्षा स्वस्त पडतो, त्यामुळे पेंडेची मागणी घटते आणि त्याची झळ सोयाबीनच्या भावाला बसते. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना लातूरच्या बाजारात भाव त्याखाली रेंगाळत होता. त्याला जागतिक मंदी आणि खाद्यतेलाची आयात हीही कारणे होती, पण डीडीजीएस हे त्यांपैकी एक कारण नक्की आहे. दुसऱ्या टोकाला पोल्ट्रीवाल्यांना मका महाग झाला, आणि एरवी मका निर्यात करणाऱ्या देशाला २०२४ मध्ये तो आयात करावा लागला. शिवाय धान्याच्या डिस्टिलरीकडे स्वतःचा बगॅस नसतो. तिथे वाफेसाठी कोळसा किंवा भाताचा तूस विकत घ्यावा लागतो, आणि कोळसा जाळला की कार्बन वाचवण्याचा मूळ हेतूच बराचसा निकालात निघतो.

अन्नाशी स्पर्धा नको म्हणून पडीक जमिनीवर अखाद्य तेलबिया लावाव्यात, ही कल्पना एके काळी फार जोरात होती. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) लागवडीचा मोठा कार्यक्रम सुचवला होता, २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते. मोगली एरंड पडीक रानात जगतो यात शंका नाही. गुरे त्याला तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला तो पूर्वीपासून लावला जातो. परंतु जगणे वेगळे आणि किफायतशीर बी देणे वेगळे. चांगल्या उत्पादनासाठी त्यालाही खत आणि पाणी द्यावे लागते, बोंडे एकाच वेळी पिकत नसल्याने तोडणीची मजुरी वाढते, आणि एवढे करून चांगल्याच जमिनीवर लावायचे तर मग दुसरे पीक का नको? कार्यक्रम बारगळला. पूर्व आफ्रिकेत तर किंमत याहून जड पडली. टांझानियाच्या किसारावे जिल्ह्यात एका ब्रिटिश कंपनीने अकरा गावांची आठ हजारांवर हेक्टर जमीन मोगली एरंडासाठी घेतली. २०११ मध्ये कंपनी बुडाली, मजुरांची कामे गेली, आणि ज्या जमिनीवरून गावकरी सरपण, मध आणि पाणी आणत ती त्यांच्या हाती सहज परत आली नाही. सरकारी दप्तरात ज्याला पडीक म्हणतात ती जमीन गावाच्या दृष्टीने क्वचितच पडीक असते. आपल्याकडच्या गायरानांबद्दल हे वेगळे सांगायला नको.

इंडोनेशियाचे उदाहरण थोडक्यात पुरे आहे. तिथे पामतेलापासूनच्या बायोडिझेलचे मिश्रण २०२० मध्ये ३० टक्के आणि २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर नेले गेले. पामच्या मळ्यांसाठी जिथे दलदलीची पीट जमीन कोरडी केली गेली, तिथे जमिनीत साठलेला कार्बन एवढा बाहेर पडतो की पुढच्या कित्येक पिढ्यांच्या बायोडिझेलने तो भरून निघणार नाही. आणि तिथे जेवढे तेल गाड्यांत जाते, तेवढे जागतिक बाजारात कमी येते. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने पामतेलाची निर्यातच काही आठवडे थांबवली, तेव्हा आपल्याकडे तेलाच्या पिशवीचे भाव हलले.

आता पुन्हा आपल्या कारखान्याकडे येतो, कारण पाण्याच्या खालोखाल दोन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचे सांडपाणी. मळीपासून एक लिटर इथेनॉल करताना आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश तयार होतो : काळपट तपकिरी, आंबट, गरम, आणि साध्या गावच्या सांडपाण्याच्या शेकडो पट सेंद्रिय भार असलेला. तो ओढ्यात गेला तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात, आणि विहिरीत पाझरला तर ते पाणी वर्षानुवर्षे रंगीत राहते. नियमाप्रमाणे आता तो आटवून इन्सिनरेशन बॉयलरमध्ये जाळायचा असतो. राखेतून पालाश मिळते आणि आटवताना निघालेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते. यंत्रणा चांगली आहे, मी ती चालवलेली आहे, पण तिच्या नळ्यांवर सतत थर धरतो, साफसफाईसाठी ती वरचेवर बंद ठेवावी लागते, आणि त्या दिवसांत डिस्टिलरीही बंद ठेवण्याची शिस्त व्यवस्थापनाकडे आहे की नाही यावर सगळे अवलंबून असते. गाळप हंगाम संपल्यावर बगॅस संपला की काय जाळतात, हाही प्रश्न त्यातलाच.

दुसरी गोष्ट माणसांची. ऊस तोडायला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून जोडपी उचल (आगाऊ रक्कम) घेऊन येतात, एका जोडप्याला एक कोयता म्हणतात, आणि सहा महिने ती पालात राहतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारला समिती नेमावी लागली. काम बुडाले तर दंड, म्हणून पाळी आणि आजारपण नकोच, अशी वेळ ज्या व्यवस्थेत बाईवर येते, त्या व्यवस्थेतून आलेल्या इंधनाला केवळ धूर कमी म्हणून हरित म्हणणे मला मान्य नाही. कोयत्यांची मुले जिथे शाळेत आहेत आणि महिलांना दवाखाना व स्वच्छतागृह आहे, अशा कारखान्यांना तेल कंपन्यांनी खरेदीत प्राधान्य द्यावे, ही मागणी करायला काहीच हरकत नाही. इंधनाची खरेदी सरकारी कंपन्या करतात, त्यामुळे ते त्यांच्या हातात आहे.

मराठवाड्यासाठी मला ज्याबद्दल खरी आशा वाटते ते पीक म्हणजे गोड ज्वारी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे नारीने, यावर अनेक वर्षे काम केले आणि ‘मधुरा’ हा संकरित वाण दिला. साधारण चार महिन्यांत दाणा, ताटातला गोड रस आणि चाऱ्याचा चोथा असे तिन्ही मिळते, आणि पाणी उसाच्या तुलनेत फारच कमी. ती मागे पडली ती रानात नव्हे, कारखान्यात. ताटे कापल्यावर दिवसभरातच रसातली साखर घसरू लागते, पीक ठरावीक पंधरवड्यात एकदम तयार होते, आणि तेवढ्यासाठी वेगळी डिस्टिलरी वर्षभर परवडत नाही. पण गाळप सुरू होण्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये साखर कारखान्याची गव्हाण (जिथे ऊस टाकतात ती जागा) आणि मिल मोकळी असते, आणि टप्प्याटप्प्याने पेरणी करवून घेतली तर त्या मोकळ्या दिवसांत ज्वारी गाळता येईल. सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या एकाहून अधिक कच्च्या मालावर चालाव्यात म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये व्याज सवलतीची योजना आणली. तिचा रोख मका आणि खराब धान्यावर आहे, त्यात गोड ज्वारीलाही स्वतंत्र दर मिळाला पाहिजे.

आपल्या थेट प्रश्नाबद्दल : आपल्याकडे आज जेवढा ऊस बारमाही पाण्यावर आणि ठिबकवर निघतो तेवढा ठेवा, त्याच्या मळीचे इथेनॉल होत असेल तर त्यात वावगे काही नाही. केवळ विस्तारित डिस्टिलरीसाठी म्हणून नव्या बोअरवर लागण वाढवू नका. आडसाली ऊस रानात दीड वर्ष उभा असतो, आणि एका कोरड्या ऑगस्टमध्ये तो वाळला तर सोसायटीचे कर्ज आपल्याच नावावर राहते. आपण सभासद आहात, म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखी प्रश्न द्या : विस्तारित क्षमतेपैकी किती टक्के सी-हेवी, किती बी-हेवी आणि किती थेट रस, पाणी कोणत्या धरणातून आणि किती मंजूर आहे, हंगामाबाहेर बॉयलरमध्ये काय जळणार, इन्सिनरेशन बॉयलर बंद असताना डिस्टिलरी बंद राहील का, आणि साखर कमी काढल्यामुळे घटलेला साखरेचा उतारा एफआरपीच्या हिशेबात कसा भरून दिला जाणार. प्रेसमडपासून (रस गाळताना उरणाऱ्या गाळापासून) गॅस करण्याचा प्रकल्प असेल तर त्यानंतर उरलेला गाळ सभासदांच्या शेतात खत म्हणून परत येणार का, तेही विचारा. ही उत्तरे सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि कारखान्याचा चिटबॉय लागणीची नोंद घ्यायला येईल त्याआधी ती हातात असू द्या.